पाण्याचा दाब आणि न थांबणारे हादरे: लांबलेल्या भूकंपमालिकांमागचे कारण

भूकंप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच मोठा हादरा येतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात तसेच घडले होते. काही सेकंदांत गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, पुढे लहान धक्के जाणवत राहिले आणि हळूहळू त्यांची संख्या ओसरत गेली. या ओसरण्याचा नियम जपानी शास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी 1894 मध्येच मांडला होता. मुख्य भूकंपाला जितके दिवस उलटतील, साधारण त्याच प्रमाणात रोजच्या पश्चातधक्क्यांची संख्या कमी होते, म्हणजे पहिल्या दिवशी शंभर धक्के बसले असतील तर दहाव्या दिवशी ते दहाच्या आसपास उरतात. मोठा भूकंप आधी येतो, लहान धक्के त्याच्या मागून येतात आणि पुढे विरत जातात, असे हे परिचित चित्र आहे.

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर 2018 पासून जे सुरू झाले, ते या चित्रात बसणारे नव्हते. धुंदलवाडी आणि आसपासच्या पाड्यांवर लहान धक्के बसू लागले, काही दिवस थांबले आणि पुन्हा सुरू झाले. 2019 च्या फेब्रुवारीत 4 रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले आणि त्यानंतरही ते अधूनमधून येतच राहिले. लोक थंडीत घराबाहेर तंबूंत झोपले, शाळा उघड्यावर भरल्या आणि 1 फेब्रुवारी 2019 रोजी घाबरून घराबाहेर धावण्याच्या गोंधळात एका लहान मुलीचा जीव गेला. त्या काळात त्या भागातील माणसांच्या तोंडी एकच प्रश्न होता: हे थांबत का नाही?

या प्रश्नाला भूशास्त्राकडे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे आणि ते लोकांपर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही, असे मला वाटते. ज्या मालिकेत ठळक असा मुख्य भूकंप नसतो, एकमेकांच्या जवळपासच्या ताकदीचे शेकडो किंवा हजारो धक्के एकाच टापूत बसतात आणि त्यांची संख्या ओसरण्याऐवजी कधी वाढते, कधी घटते, त्या मालिकेच्या मुळाशी अनेकदा खडकांच्या भेगांतून सरकणारा द्रव असतो. हा द्रव म्हणजे बहुधा पाणी, पुष्कळदा क्षार विरघळलेले, आणि काही ठिकाणी त्यासोबत कार्बन डायऑक्साइड. हा द्रव हळू सरकतो, म्हणूनच मालिका लांबते.

खोलवरचे पाणी नेमके काय करते

जमिनीखाली काही किलोमीटरवर मोठमोठ्या पोकळ्या नसतात आणि वाहत्या नद्याही नसतात. तिथे असतो तो प्रचंड दाबाखालचा खडक आणि त्यातील केसाहूनही बारीक भेगा. या भेगांत पाणी असते. एखाद्या मोठ्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकू शकत असतील, तर त्या भेगेला प्रस्तरभंग म्हणतात. भूपट्टांच्या हालचालीमुळे या दोन बाजूंवर सरकण्याचा ताण सतत साठत असतो आणि घर्षण त्यांना धरून ठेवते. घर्षण किती, हे दोन्ही बाजू एकमेकींवर किती जोराने दाबल्या जात आहेत यावर ठरते. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा भार हवेच्या दाबाच्या सुमारे 1,300 पट असतो. एवढ्या भाराखाली दाबलेल्या बाजू सहजासहजी सरकत नाहीत.

आता त्याच भेगेतील पाण्याचा विचार करावा. ते पाणी पृष्ठभागापर्यंत भेगांनी जोडलेले असेल, तर पाच किलोमीटर खोलीवर त्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 500 पट असतो आणि तो भेगेच्या दोन्ही बाजूंना आतून बाहेर ढकलत असतो. म्हणजे खडकाच्या भाराचा काही हिस्सा पाण्यानेच पेललेला असतो आणि घर्षण निर्माण करायला उरतो तो दोघांतील फरक. पाण्याचा हा दाब, ज्याला छिद्रदाब म्हणतात, काही कारणाने वाढला, तर खडकाचा भार तेवढाच राहूनही भेगेची पकड सैल होते आणि आधीपासून साठलेला ताण तिला सरकवतो.

ही गोष्ट स्वयंपाकघरात पाहता येते. गरम पाण्याने विसळलेला स्टीलचा पेला ओल्या ओट्यावर उपडा ठेवला, की तो कधीकधी कोणी हात न लावता सरकू लागतो, कारण आत अडकलेली हवा तापून फुगते आणि पेल्याचा भार थोडासा उचलून धरते. अमेरिकी भूशास्त्रज्ञ मेरियन किंग हबर्ट आणि विल्यम रुबी यांनी 1959 मध्ये छिद्रदाबाचा सिद्धांत मांडताना असाच प्रयोग सांगितला होता. त्यात किंचित कललेल्या ओल्या काचेवर थंड केलेला रिकामा पत्र्याचा डबा उपडा ठेवला, की तो गरम होता होता आपोआप घसरू लागतो.

यावरून एक गैरसमज दूर व्हायला हवा. पाणी भेगेत शिरून वंगणासारखे काम करते आणि म्हणून खडक घसरतात, असे पुष्कळदा लिहिले जाते. प्रत्यक्षात खडकाचा खरखरीतपणा पाण्याने फारसा कमी होत नाही. महत्त्वाचा असतो तो पाण्याचा दाब. नुसते पाणी असणे पुरेसे नाही, त्याचा दाब बदलावा लागतो. आणि जिथे प्रस्तरभंग आधीच सरकण्याच्या बेतात असतो, तिथे हा बदल अगदी छोटा असला तरी चालतो. हवेच्या दाबाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या वाढीनेही धक्के सुरू झाल्याच्या नोंदी आहेत. पाणी भूकंपाची ऊर्जा पुरवत नाही. ऊर्जा भूपट्टांनी हजारो वर्षांत साठवलेली असते आणि ती केव्हा व किती हप्त्यांत बाहेर पडेल, यावर पाण्याचा प्रभाव पडतो.

मात्सुशिरोची दोन वर्षे

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण जपानमधील आहे. नागानोजवळच्या मात्सुशिरो या गावात 3 ऑगस्ट 1965 रोजी अतिसूक्ष्म धक्क्यांची नोंद होऊ लागली. योगायोगाने या गावातच एक भूकंप वेधशाळा होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सम्राट आणि लष्करी मुख्यालय हलवण्यासाठी डोंगरात खोदलेल्या बोगद्यांत ती बसवलेली होती, त्यामुळे तिथली उपकरणे गोंगाटापासून दूर आणि अतिशय संवेदनशील होती. मालिकेचा अगदी पहिला टप्पाही त्यामुळे नोंदवला गेला.

पुढच्या काही महिन्यांत धक्के वाढतच गेले. 17 एप्रिल 1966 या एका दिवसात 6,700 हून अधिक धक्क्यांची नोंद झाली आणि त्यांतले सुमारे 585 लोकांना प्रत्यक्ष जाणवले, म्हणजे चोवीस तास सरासरी दर अडीच मिनिटांना एक. मालिका पूर्ण ओसरेपर्यंत एकूण धक्क्यांची संख्या 7 लाखांवर गेली आणि जाणवलेले धक्के 60,000 हून अधिक होते. यांतला सर्वांत मोठा फक्त 5.4 रिश्टरचा होता. सगळ्या धक्क्यांची ऊर्जा एकत्र केली तर ती 6.4 रिश्टरच्या एका भूकंपाइतकी भरते. किल्लारीसारख्या मालिकेत बहुतेक सर्व ऊर्जा मुख्य भूकंपात जाते, तर इथे ती लाखो तुकड्यांत वाटली गेली.

धक्क्यांबरोबर जमीनही बदलत होती. मिनाकामी डोंगराच्या परिसरात जमीन सुमारे 70 सेंटिमीटर वर उचलली गेली. जमिनीवर तिरक्या भेगांच्या रांगा उमटल्या आणि त्यांवरून खाली एक अज्ञात प्रस्तरभंग असल्याचे लक्षात आले. सुरुवातीला डोंगराभोवती एकवटलेले धक्के पुढे लांबट पट्ट्यात दूरवर पसरले. मग 1966 च्या उत्तरार्धात जमिनीतून पाणी बाहेर येऊ लागले. ते खारट होते आणि त्यात कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात मिसळलेला होता. एकूण सुमारे 1 कोटी घनमीटर, म्हणजे 1,000 कोटी लिटर पाणी बाहेर पडले. त्या पाण्याने भिजलेला एक उतार सप्टेंबरमध्ये घसरला आणि काही घरे गाडली गेली. पाणी वाहून गेल्यावर फुगलेली जमीन काही अंशी खाली बसली आणि धक्केही उतरणीला लागले.

खोलवर कोंडलेला, दाबाखालचा द्रव वर येत असताना वाटेतल्या भेगांची पकड सैल करत आला, पृष्ठभागापर्यंत त्याला वाट मिळाली, दाब उतरला आणि मालिका शमली, असा या सर्व निरीक्षणांचा एकत्रित अर्थ लावला जातो. तो पडताळण्याची संधीही जपानी शास्त्रज्ञांनी साधली. 1970 च्या सुरुवातीला त्याच परिसरात सुमारे 1,800 मीटर खोल बोअरमधून जवळपास 2,900 घनमीटर पाणी दाबाने आत सोडण्यात आले आणि काही दिवसांच्या अंतराने, बोअरपासून थोड्या दूर, सूक्ष्म धक्के सुरू झाले. मात्सुशिरोच्या नगरप्रमुखांनी त्या कठीण काळात, आम्हाला वस्तू किंवा पैसा नको, आम्हाला या संकटाचे ज्ञान हवे, अशी मागणी केल्याचे जपानमध्ये आजही सांगितले जाते. त्या मागणीचा मला फार आदर वाटतो, कारण रोज शेकडो हादरे सोसणाऱ्या माणसाला आपल्या पायाखाली काय चालले आहे हे कळणे हाही एक दिलासा असतो.

माणसाने नकळत केलेले प्रयोग

मात्सुशिरो हादरत असतानाच अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ हाच प्रकार माणसाच्या हातून घडत होता. तिथल्या लष्करी रसायन कारखान्याचे दूषित पाणी मार्च 1962 पासून 3,671 मीटर खोल विहिरीत सोडले जात होते आणि महिन्याभरातच त्या शांत भागात धक्के सुरू झाले. डेव्हिड इव्हान्स या भूशास्त्रज्ञाने 1965 मध्ये दाखवून दिले, की ज्या महिन्यांत जास्त पाणी सोडले त्या महिन्यांत धक्के जास्त, आणि ज्या काळात पाणी बंद होते त्या काळात ते कमी. फेब्रुवारी 1966 मध्ये पाणी सोडणे थांबले. तरीही तिथला सर्वांत मोठा, 5 रिश्टरच्या आसपासचा भूकंप ऑगस्ट 1967 मध्ये, म्हणजे विहीर बंद झाल्यानंतर जवळपास दीड वर्षाने बसला. नळ बंद केला तरी आत गेलेला दाब पसरतच राहतो, हा या प्रकरणाचा सर्वांत मोलाचा धडा होता.

त्यानंतर 1969 ते 1973 या काळात कोलोरॅडोतीलच रँगली येथील तेलक्षेत्रात अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याने हेतुपुरस्सर पाण्याचा दाब कमीजास्त करून पाहिला. दाब ठराविक मर्यादेच्या वर गेला की धक्के वाढत आणि खाली आणला की जवळपास थांबत. पुढे ओक्लाहोमा राज्यात तेलाबरोबर निघालेले खारे पाणी प्रचंड प्रमाणात जमिनीत सोडले गेले, तेव्हा एरवी वर्षाला 3 रिश्टर किंवा त्याहून मोठे एक-दोन धक्के अनुभवणाऱ्या त्या राज्यात 2015 या एका वर्षात तसे सुमारे 900 धक्के बसले. निर्बंध आल्यावर ही संख्या उतरली. निसर्गाने घडवलेल्या मालिकांचा अर्थ लावताना शास्त्रज्ञ ज्या आत्मविश्वासाने बोलतात, त्याचा पाया या मानवनिर्मित उदाहरणांत आहे, कारण इथे पाणी केव्हा, किती आणि किती दाबाने सोडले याचा हिशेब हाताशी असतो.

मालिका लांबते कशी

डेन्व्हरला दीड वर्ष का लागले, हे समजले की बाकी बरेच समजते. सच्छिद्र खडकातून पाण्याचा दाब पसरतो तेव्हा त्याने कापलेले अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट अंतर कापायला चौपट वेळ लागतो आणि दहापट अंतराला शंभरपट. मध्यम भेगाळ खडकासाठी ढोबळ हिशेब केला, तर दाबाची लाट पहिल्या दिवसात सुमारे एक किलोमीटर जाते, दोन किलोमीटरला चार दिवस लागतात आणि दहा किलोमीटरला शंभर दिवस. घट्ट खडकात हाच काळ वर्षांवर जातो. द्रवामुळे चाललेल्या मालिकेतील धक्क्यांची स्थाने नकाशावर क्रमाने मांडली, की त्यांची बाहेरची सीमा पुष्कळदा नेमकी अशीच पसरताना दिसते, आधी वेगाने आणि नंतर मंद होत. मालिकेमागे द्रव असल्याचा हा सर्वांत विश्वासार्ह पुरावा आहे.

पण केवळ पसरण्याने सर्व गोष्टी उलगडत नाहीत. पालघरसारख्या मालिकेत धक्के थांबतात आणि पुन्हा सुरू होतात, ते का? याचे एक उत्तर रिचर्ड सिब्सन या भूशास्त्रज्ञाच्या मांडणीत मिळते. खोलवरच्या गरम पाण्यात सिलिका आणि चुन्यासारखे पदार्थ विरघळलेले असतात आणि ते भेगांत साचून त्या बुजवत जातात. भेग बुजली की पाणी अडते आणि त्याच्या मागे दाब वाढत जातो. दाब पुरेसा वाढला की भेग सरकते, धक्का बसतो, बुजलेली वाट मोकळी होते आणि पाणी पुढच्या कप्प्यात शिरते. तिथे पुन्हा धक्के सुरू होतात, मागे मात्र भेग पुन्हा बुजू लागते. प्रस्तरभंग असा झडपेसारखा उघडतो आणि मिटतो, आणि या उघडझापेचा पुरावा आपण डोळ्यांनी पाहू शकतो. जुन्या खडकांत दिसणाऱ्या गारगोटीच्या पांढऱ्या शिरा नीट न्याहाळल्या, तर त्यांत एकावर एक साचलेले अनेक थर दिसतात. त्यांतल्या पुष्कळ शिरा अशा वारंवार उघडून मिटलेल्या भेगांच्याच खुणा आहेत.

कॅलिफोर्नियातील काहुइला येथे 2016 ते 2019 या काळात चाललेल्या मालिकेने हे सर्वांत बारकाईने दाखवले. झॅकरी रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाला धक्क्यांच्या नोंदी ओळखायला शिकवून तिथले 22,000 हून अधिक धक्के शोधून काढले, ज्यांतले बहुतेक माणसाला जाणवणेही शक्य नव्हते. त्यांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. खोलवरच्या एका नैसर्गिक साठ्यातून द्रव प्रस्तरभंगाच्या तळाशी शिरला, वाकड्यातिकड्या वाटांनी वर चढत गेला, अभेद्य पट्ट्यापाशी अडला, वळसा घालून पुढे गेला आणि या प्रवासाला जवळपास चार वर्षे लागली. सर्वांत मोठा, 4.4 रिश्टरचा धक्का 2018 मध्ये, म्हणजे मालिकेच्या बऱ्याच उशिराच्या टप्प्यात बसला. ज्यांना वाटते की वर्ष उलटले म्हणजे आता मोठा धक्का येणार नाही, त्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

आणखी एक दुवा अलीकडे पुढे आला आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दक्षिण फ्रान्समधील भूमिगत प्रयोगशाळेत 282 मीटर खोलीवरच्या एका खऱ्या प्रस्तरभंगात पाणी दाबाने सोडण्यात आले. त्या वेळी भेग आधी कोणताही धक्का न देता संथपणे सरकली आणि सूक्ष्म धक्के नंतर सुरू झाले. म्हणजे पाणी नेहमी थेट धक्का घडवते असे नाही. ते पुष्कळदा आधी एक मुका सरक घडवते आणि त्या सरकण्याचा ताण शेजारच्या घट्ट जागांवर पडून तिथे धक्के बसतात. कोणत्या मालिकेत थेट दाबाचा वाटा किती आणि या संथ सरकण्याचा किती, यावर तज्ज्ञांत खरी चर्चा चालू आहे.

हे पाणी येते कुठून

जागोजागी उत्तर वेगळे आहे. जपानमध्ये समुद्राच्या तळाचा भूपट्ट खाली घुसतो तेव्हा त्याच्या खनिजांच्या रचनेत बांधलेले पाणी उष्णतेने सुटते आणि वर सरकते. चेक प्रजासत्ताक आणि जर्मनीच्या सीमेवरच्या भागात, जिथे अशा मालिका शतकानुशतके नोंदल्या गेल्या आहेत, जमिनीतून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि त्यांतल्या हेलियमच्या प्रकारावरून तो वायू थेट प्रावरणातून, म्हणजे भूकवचाच्याही खालून येतो हे ओळखता येते. ज्वालामुखींच्या भागात शिलारसातून सुटणारे वायू आणि पाणी, किंवा खुद्द शिलारस, हेच काम करतात.

आणि काही ठिकाणी कारण चक्क पाऊस असतो. बव्हेरियातील होखश्टाउफेन या डोंगरात 2002 साली जोरदार पावसानंतर काही दिवसांतच सूक्ष्म धक्क्यांच्या मालिका नोंदल्या गेल्या आणि पाण्याच्या दाबाचा हिशेब मांडल्यावर पाऊस आणि धक्के यांच्यातील काळाचे अंतर जुळले. तो डोंगर चुनखडीचा आणि भेगाळ आहे, त्यामुळे पाणी भराभर खाली जाते.

कोकणपट्टीला ही शक्यता परकी नाही. पालघरपासून रत्नागिरीपर्यंत गरम पाण्याच्या झऱ्यांची रांग आहे. गणेशपुरी, वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर येथील या झऱ्यांचे पाणी मुळात पावसाचेच आहे. ते भेगांतून खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. पाणी खोलवर जाऊन परत येण्याच्या वाटा या प्रदेशाच्या खडकात आहेत, याचा यापेक्षा साधा पुरावा नाही. डहाणू आणि तलासरीचा परिसर बेसाल्टचा असून त्यात उभ्या भित्तींसारखे घुसलेले जुने खडक आणि भेगा आहेत, आणि दरवर्षी काही महिन्यांतच तिथे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पालघरच्या मालिकेचा अभ्यास करणाऱ्यांनी तिचा संबंध भूगर्भातील द्रवाच्या हालचालीशी जोडला आहे, तो याच पार्श्वभूमीवर. मात्र एखाद्या वर्षी पाऊस जास्त झाला म्हणून धक्के जास्त बसतील, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. वर सांगितल्याप्रमाणे दाबाला खोल पोहोचायला वेळ लागतो आणि वाटेतल्या भेगा कधी उघड्या तर कधी मिटलेल्या असतात.

कोयनेचे प्रकरण थोडे वेगळे असले तरी त्याची यंत्रणा याच कुळातली आहे. शिवाजीसागर जलाशय 1962 च्या सुमारास भरू लागला तसे धक्के सुरू झाले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 रिश्टरचा भूकंप झाला. जलाशयाशी संबंध जोडल्या गेलेल्या भूकंपांत तो जगातील सर्वांत मोठा मानला जातो. त्यानंतर गेली अनेक दशके तो टापू शांत झालेला नाही, आणि पावसाळ्यात जलाशयाची पातळी चढल्यानंतरच्या महिन्यांत धक्के वाढतात, असे वारंवार दिसले आहे. 1985 पासून वारणा जलाशय भरू लागल्यावर पुढच्या काळात धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडेही सरकला. जलाशयाचे वजन हा यातला एक भाग आहे, परंतु दरवर्षी चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या पाण्याच्या दाबाचे खोलवर पसरणे हा अधिक महत्त्वाचा भाग मानला जातो. हे प्रत्यक्ष तपासण्यासाठी भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कऱ्हाड येथे प्रयोगशाळा उभारली आणि गोठणे येथे सुमारे 3 किलोमीटर खोल बोअर खणले. त्यात बेसाल्टची जाडी सुमारे सव्वा किलोमीटर निघाली आणि त्याखाली प्राचीन ग्रॅनाइट लागला. धक्के बसतात ते याच ग्रॅनाइटमध्ये, त्यामुळे तिथल्या भेगा, तापमान आणि पाणी यांचे प्रत्यक्ष मोजमाप करणे हे या संशोधनातील पुढचे पाऊल आहे. महाराष्ट्रात चाललेले हे काम जगाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे आणि त्याबद्दल मराठीत अधिक लिहिले जायला हवे.

लहान धक्क्यांनी धोका टळतो का

अशा मालिकांच्या काळात एक समजूत हमखास ऐकू येते, की लहान धक्के बसत आहेत हे बरे आहे, त्यामुळे जमिनीतील ताण थोडा थोडा निघून जातो आणि मोठा भूकंप टळतो. ही समजूत गणितालाच धरून नाही. रिश्टर मापनावर एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट होते. 6 रिश्टरच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा मोकळी व्हायला 3 रिश्टरचे 30,000 हून अधिक धक्के लागतील. शिवाय द्रव ज्या दिशेने पसरतो आहे, तिथे एखादा मोठा, ताणाने भरलेला प्रस्तरभंग असेल, तर तीच मालिका त्याला हलवू शकते.

जपानच्या नोतो द्वीपकल्पात हे घडले. 2020 च्या अखेरीस तिथे मालिका सुरू झाली. जवळपास ज्वालामुखी नव्हता, पण उपग्रहांवर आधारित मोजमापांत जमीन काही सेंटिमीटर फुगलेली दिसली, धक्के सुमारे 15 किलोमीटर खोलीवरून हळूहळू वर सरकत गेले आणि खोलवर द्रव असल्याची इतर चिन्हेही मिळाली. 5 मे 2023 रोजी 6.5 रिश्टरचा भूकंप झाला आणि 1 जानेवारी 2024 रोजी, नववर्षाच्या दिवशी, 7.6 रिश्टरचा. किनारा काही ठिकाणी चार मीटरपर्यंत उचलला गेला आणि शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारी परिसरातही 1992 च्या उत्तरार्धात लहान धक्क्यांची मालिका लोकांना जाणवली होती. ती शमली आणि वर्षभराने मुख्य भूकंप आला. याच्या उलट, मात्सुशिरो आणि काहुइला येथील मालिका कोणत्याही मोठ्या भूकंपाशिवाय संपल्या, आणि जगातील बहुतेक मालिका अशाच संपतात. मालिका चालू असताना ती यांपैकी कोणत्या वाटेने जाईल हे आज कोणीही निश्चित सांगू शकत नाही. शेजारी किती लांबीचे प्रस्तरभंग आहेत, धक्क्यांची सीमा त्यांच्याकडे सरकते आहे का आणि जमीन फुगते आहे का, एवढे मात्र मोजता येते. म्हणूनच मालिका सुरू झाल्याबरोबर त्या टापूत जास्तीची उपकरणे बसवण्याचा आग्रह धरला जातो.

घरांच्या बाबतीत तर मालिकेचा लांबलेला काळच घातक ठरतो. 4 रिश्टरचा एक धक्का चांगल्या बांधलेल्या घराला फारसे काही करत नाही, पण मातीच्या किंवा चुकीच्या सांध्याच्या विटांच्या भिंतीला पहिल्या धक्क्याने गेलेला तडा दहाव्या धक्क्याने रुंदावतो आणि पन्नासाव्याने ती भिंत कलते. पालघरमध्ये तडे गेलेल्या भिंतींच्या तक्रारी अशाच साचत गेल्या. कुडाच्या हलक्या भिंती त्या मानाने तग धरतात, अर्धवट पक्की, जड छपराची आणि आडव्या पट्ट्या नसलेली विटांची घरे सर्वांत कमकुवत ठरतात. अशा टापूत मालिका संपण्याची वाट न पाहता प्रत्येक मोठ्या धक्क्यानंतर तडे तपासणे, छपराचा भार कमी करणे आणि खिडक्यांच्या वरून सलग काँक्रीटची पट्टी देणे, ही कामे ग्रामपंचायतीच्या पातळीवर लगेच सुरू करता येतात.